जिन्याखालच्या दिव्याची नोंद

आपण बंद केल्याखेरीज या पृथ्वीवरचा कुठलाही पंखा थांबणार नाही, अशी माझ्या मामेसासऱ्यांची ठाम समजूत होती. कुणाच्या घरात शिरताना लोक आधी चपला काढतात. हे आधी छताकडे बघत. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की हात बटणाकडे गेलाच. आमचं लग्न झालं तेव्हा ते नुकतेच बोटीवरची नोकरी संपवून रत्नागिरीला आले होते. भर मांडवात त्यांनी व्हिडिओवाल्याचा हॅलोजन बंद केला. विचारलं तर म्हणाले, "वर सूर्य हाय ना?" त्यामुळे आमच्या सप्तपदीतली चार पावलं कॅसेटमध्ये अंधारात आहेत. बायकोचा राग अजून गेलेला नाही. मला काही वाटत नाही, कारण त्याच चारांत मी अडखळलो होतो.

मामा सातवी नापास. सोळाव्या वर्षी बोटीवर इंजिनाला तेल घालायला लागले आणि तेल घालतच निवृत्त झाले. इंजिनातलं त्यांना साहेबांपेक्षा जास्त कळायचं, पण परीक्षा नाही म्हणून बढती नाही. एवढ्या वर्षांतून त्यांनी घरी आणली ती एक सवय, नोंदवहीची. बोटीवर दर पाळीला इंजिनाच्या नोंदी होतात आणि त्यांत खोडाखोड करायची नसते. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि खाली सही. लिहायचे मात्र पेन्सिलीनं, कारण आपल्याकडच्या दमट हवेत शाई फुटते. "रबर वापरणारा माणूस बोट बुडवतो," असं ते मला बजावत. माझं दुकान स्टेशनरीचं. ते येताना दिसले की मी खोडरबरांची बरणी मागच्या फळीवर सरकवत असे.

हे दुकान ज्या व्यापारी संकुलात आहे त्याचा मी सेक्रेटरी. भारनियमनाच्या त्या वर्षांत मुंबईची एक संस्था इमारतींना ऊर्जा व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र देते, असं आमच्या सभेत कळलं. वीज कुठे किती जाते ते मोजायचं, रोज लिहायचं, वाया जाते तिथे उपाय करायचा आणि हे सगळं कागदावर दाखवायचं. मी मामांचं नाव सुचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते खाकी हाफपँट, बॅटरी आणि जाडजूड वही अशा थाटात हजर. आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजच्या दारात ते जुनी लग्नपत्रिका अडकवून बघत. ती सहज ओढून निघाली की दाराची रबरी पट्टी बदलायला लावत. पाण्याच्या पंपावर तळहात ठेवून "ह्याला कणकण हाय" म्हणत, आणि वायरमननं उघडला की खरंच काहीतरी निघे. अत्तराच्या दुकानातले अठरा दिवे त्यांनी सहावर आणले, तेव्हा मालकीणबाई कुरकुरल्या, "मामा, गिऱ्हाइकाला बाटली दिसाया नको?" मामा शांतपणे म्हणाले, "अत्तर हुंगायचा असता, का बघायचा?" पुढच्या महिन्यापासून मीटर हळू फिरू लागलं.

एका दिव्यापुढे मात्र ते नमले. जिन्याखाली दाभोळचे एक चाचा शर्टांना काजबटण करायला बसत. जागा अशी की भर दुपारी दिवा हवा. मामांनी पहिल्याच दिवशी तो बंद केला आणि चाचांची सुई बोटात गेली. चाचा भांडले नाहीत. "पोरगा दुबईला बोलावतो," एवढंच म्हणाले. "पूरा आंधळा झालो की जाईन." मामांनी बटण परत लावलं. त्या दिवसापासून वहीत रोज एक ओळ येऊ लागली: "जिन्याखालचा दिवा दिवसभर चालू. कारण चाचांची नजर. परवानगी माझी."

तपासणीची तारीख ठरली तसे मामा फ्रेमवाल्याकडे जाऊन माप देऊन आले. मला म्हणाले, "जावईबापू, माज्या कामाचा आजवर एक कागद नाय. ह्यो एक भिंतीवर बघायचा हाय." ते ऐकल्यापासून ती रोजची ओळ मला खुपू लागली. एवढ्यावरून म्हाताऱ्याचं प्रमाणपत्र अडलं तर? आदल्या दिवशी दुपारी मामा जेवायला गेले, तेव्हा मी बरणीतलं सगळ्यांत चांगलं खोडरबर काढलं आणि तीन महिन्यांच्या पानांवरून ती ओळ पुसून टाकली.

तपासणीला आलेल्या बाई तरुण होत्या. पंप, फ्रीज, दिवे पाहून खूश झाल्या. मग त्यांनी वहीचं एक पान खिडकीशी धरलं, मग दुसरं. प्रत्येक पानावर त्याच जागी पांढुरका डाग. "इथे काय लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं. मामांनी वही घेतली, पान बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. माझा चेहराच पुरेसा असावा.

"जिन्याखालचा दिवा होता, कारणासकट," ते म्हणाले. "वही माज्या ताब्यात. जबाबदारी माजी."

"अहो, दिव्याला हरकत नव्हती," बाई हळहळल्या. "कारण लिहिलेलं होतं ना. पण पुसलेल्या वहीवर मी सही कशी करू?" सहा महिन्यांच्या नव्या नोंदी ठेवा, मग परत येते, असं सांगून त्या गेल्या.

 दुसऱ्या दिवशी मामा नवी वही घ्यायला माझ्याच दुकानात आले आणि पहिल्या पानावर दिव्याची ओळ तिथेच उभ्यानं लिहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. मामांनी ते जिन्याखाली, चाचांच्या डोक्यावर लावलं. दिवसा दिवा लावायची परवानगी तेवढ्याच जागेला होती. येताजाता थांबून ते सगळं वाचत, अगदी छापखान्याच्या नावापर्यंत.

पुढे चाचा दुबईला गेले. नंतर दोन वर्षांनी मामा वारले, आणि वही माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी मीटरचा आकडा चुकवला. बरणी हाताशी होती. मी आडवी रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा लिहिला आणि सही केली. मग जिन्याखाली जाऊन, कुणी बसत नसताना, तो दिवा लावला आणि परत येऊन लिहिलं: "जिन्याखालचा दिवा दिवसभर चालू. कारण मामा. परवानगी माझी." ते असते तर त्यांनी आधी बटण बंद केलं असतं, मग वही वाचली असती.