निरोप कुणाकडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या एका मित्राला माझं बाकी सगळं माहीत आहे, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्या माणसांसमोर माझी जीभ उचलत नाही, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे.

मी तुमसरला एका संस्थेत काम करतो. सिकलसेलच्या रुग्णांची नोंद ठेवणं, महिन्याला गावोगाव औषधाची गाडी पाठवणं, हे संस्थेचं काम. माझ्याकडे संगणक. काम बरं आहे. संस्थेला मोठे शब्द फार आवडतात, एवढी एकच तक्रार. आमच्याकडे गाडी गावात जात नाही, ‘समुदायापर्यंत पोहोचते’.

गाडी येण्याआधी रुग्णांना फोन जायचे, ते करायची सुनंदाताई. मूळची सिहोऱ्याची, करारावर लागलेली. दिवसभर तिचा आवाज कार्यालयात असायचा. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीचं जमलं, हे विचारून झालं की मग गोळ्या. मी पुस्तक वाचत जेवायचो, ती समोर बसून हसायची — “सर, पुस्तकातले लोक जेवले का तुमच्या?” आधी ती सगळं एका जाड वहीत लिहायची. ती वही मी बंद करवली. आता सगळं संगणकात आहे, वहीची गरज नाही, असं मीच तिला पटवलं. हे लक्षात ठेवा. मी विसरू शकलेलो नाही.

वही सोडताना तिने एकच अट घातली होती. नाकाडोंगरीच्या पुढे जंगलाकडच्या टोल्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, बऱ्याच घरांत फोन नाही, असला तर रेंज नाही. तिथे निरोप दुसऱ्या कुणाकरवी जातो. म्हणून रुग्णांच्या टेबलात, म्हणजे संगणकातल्या तक्त्यात, मी तिच्यासाठी एक कॉलम जोडला: ‘निरोप कुणाकडे’. त्यात ती लिहायची — ‘किराणावाल्या भाऊकडे, सांजच्याले’. ‘अंगणवाडीच्या बाईले सांगणे’. ‘मामा, पण पेला असला तं नाही’. बाकी शेकडो रुग्णांपुढे तो कॉलम रिकामा. मी तिला चिडवायचो, की हा कॉलम नव्हे, गावची चावडी आहे.

मग बाहेरून पाहुणे यायचं ठरलं. भिंतींना रंग लागला, कुंड्या भाड्याने आल्या, आणि संचालकांनी मला बोलावून डेटाही ‘स्वच्छ’ करायला सांगितला. पडद्यावर अर्धवट रिकामा कॉलम दिसला तर कसं वाटेल? मला या समारंभांचं मनातून हसू येतं, आजही येतं. पण सांगितलं ते केलं — आणि अगदी निगुतीने केलं. हसणाऱ्याने निदान हात तरी आखडायला हवा होता, नाही का?

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. टेबलात माहिती असते. व्ह्यूमध्ये माहिती नसते. तो एक साठवून ठेवलेला प्रश्न असतो. उघडला, की तोच प्रश्न टेबलाला पुन्हा विचारला जातो आणि उत्तराची यादी समोर येते. सुनंदाताईची रोजची फोनची यादी हा असा एक व्ह्यू होता. त्यातला प्रश्न साधा होता: ज्यांचा स्वतःचा फोन आहे, किंवा ज्यांचा निरोप कुणाकडे तरी देता येतो, असे सगळे. म्हणजे तो व्ह्यू त्या कॉलमवर टेकून उभा होता. आणि कोणत्या कॉलमवर कोणते व्ह्यू टेकलेत हे डेटाबेसला विचारता येतं. एक प्रश्न टाकायचा, नावं समोर येतात. मिनिटही लागत नाही.

मी विचारलं नाही.

बरं, डेटाबेसने आपणहून अडवलं होतं. यावर दुसरं काही अवलंबून आहे, म्हणाला. अवलंबून असलेलं सगळं घेऊन काढायचं असेल तर त्यालाही एक शब्द आहे — मी तो लिहिला. कॉलम गेला, व्ह्यू गेला. सुनंदाताईची यादी उघडेना, तेव्हा मी आठवणीवरून दहा मिनिटांत नवी करून दिली. स्वतःचा फोन असलेले सगळे. चाललं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला श्रीफळ मिळालं.

तीन-चार दिवसांनी तिने विचारलं, “सर, टोल्यावरची नावं काहून नाही दिसून राहिली?” मी काहीतरी टंकत होतो. मान वर न करता म्हणालो, की जी यायला हवीत ती सगळी आली आहेत. तिने ते मानलं. का मानू नये? वही मीच बंद करवली होती.

दोन महिने गेले. एका सकाळी टोल्यावरचा एक माणूस आला. पायरीशी चपला काढून तो सरळ सुनंदाताईच्या टेबलापाशी गेला. पोरगी नागपूरला भरती होती. दोन फेऱ्यांच्या गोळ्या हुकल्या होत्या, खुब्याचं हाड गेलं होतं. तो ओरडला नाही. “बाई, निरोप तं आलाच नाही,” एवढंच म्हणाला, आणि उभा राहिला. सुनंदाताई यादी वरखाली करत राहिली.

मला तेव्हाच कळलं होतं. तरी खात्री हवी होती — की वेळ हवा होता? दुपारी जुना बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवला आणि जो प्रश्न आधी विचारायचा तो आता विचारला. या कॉलमवर कोणते व्ह्यू अवलंबून आहेत? एकच नाव आलं. तिच्या यादीचं.

आता जे सांगतो, ते सांगायलाच इतका वेळ लावला. कॉलम ही माझी चूक होती, चुका होतात. पण त्या दुपारी मी संचालकांकडे गेलो नाही. दार लावून घेतलं, कॉलम परत आणला, जुना व्ह्यू जसाच्या तसा उभा केला, आणि कुठे खूण राहिली नाही ना, हे तपासून चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. संचालकांनी सगळ्यांसमोर यादी उघडली. टोल्यावरची नावं होती. त्या पोरीचं नाव होतं, पुढे ‘किराणावाल्या भाऊकडे’ हेही होतं. नावं तर आहेत, ते म्हणाले. सुनंदाताई पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. “सर, हे नावं नव्हते.” आरोप नव्हता त्यात. ती मला साक्षीला बोलावत होती.

मी म्हणालो, “सिस्टीम तीच आहे.”

महिनाअखेरीस तिचा करार वाढवला नाही. नंतर फोनसाठी दुसरी व्यवस्था झाली, ध्वनिमुद्रित आवाजाची. कार्यालय शांत झालं. मी अजून तिथेच जेवतो, समोर पुस्तक असतं. त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. मला आता इतर संस्थांत प्रशिक्षणाला बोलावतात. कॉलम काढण्याआधी त्यावर कोणते व्ह्यू अवलंबून आहेत ते तपासा, हे मी फार चांगलं समजावतो. लोक लिहून घेतात.

गेल्या हिवाळ्यात सिहोऱ्याच्या बाजारात सुनंदाताई भेटली. शिवणकाम करते. मला बघून तिला आनंद झाला — खरंच झाला. चहा पाजला. ती पोरगी काठी घेऊन चालते, म्हणाली. सुनंदाताई अधूनमधून जाते तिच्याकडे, काही शिवून नेते. मग म्हणाली, “आईचं दुखणं चालू होतं तवा. ध्यान नव्हतं माहं. नावं समोर असून मले दिसले नाही, सर. मीच इसरली.”

इतकी वर्षं तिने त्याचं कारण शोधलं होतं आणि ते तिला स्वतःत सापडलं होतं. माझ्या हातात कप होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.”

तिने मान डोलावली. तिला बरं वाटलं असावं.

ती विसरली नव्हती. एकही नाव, एकदाही.