पुलापर्यंतचं थ्रीजी

आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावात मोबाइलचं दुकान चालवा, किस्से आपोआप जमतात. रिचार्ज करायला आलेला माणूस घरचं सगळं सांगूनच जातो. पण थ्रीजी आलं त्या वर्षाचे किस्से मी सहसा काढत नाही. हसत सुरू करतो आन् मधेच रिचार्जच्या वहीत डोकं घालतो.

*

व्हिडिओ कॉल कसा असतो ते दाखवायला मी भावाला दुसरा फोन देऊन रस्त्यापलीकडे उभं केलं. बाजाराचा दिवस. भाऊ वीस पावलांवर उभा, तरी त्याला स्क्रीनवर पाहायला ही गर्दी! रस्त्याकडे मान वळवून कुणी बघेना.

*

एका एसटी ड्रायव्हरनं हौसेनं थ्रीजी फोन नेला. चौथ्या दिवशी परत हजर.

"वापस घ्या भाऊ. बायको मनते, कुठं आहेस ते दाखव."

*

शेवंताबाईचा एकुलता पोरगा विलास हैदराबादला बांधकामावर. दोन वर्षं माय-लेकांची भेट नाही. त्यानं थ्रीजी फोन घेतला, पण तिच्या गावात थ्रीजी पोचलं नव्हतं. म्हणून ती दर बाजाराला माझ्या दुकानात यायची, केस विंचरून, ठेवणीतलं लुगडं नेसून. फोन तोंडासमोर धर, असं मी दरवेळी बजावायचो. पण तिकडून "माय" ऐकू आलं की फोन थेट कानाला! विलासला दिसायचा नुसता कान, आन् भोक बुजू नये म्हणून त्यात घातलेली कडुलिंबाची काडी.

तो विनवायचा, तोंड दाखव. ती मलाच ऐकवायची, "आवाज काय डोयानं आयकतेत?"

धानकापणीला येतो, कानातल्या बाळ्या आणतो, असं तो एकदा म्हणाला. तिनं ते अख्ख्या बाजाराला सांगितलं.

*

धान कापणीला आलं आन् शेवंताबाई गेली. विलास दुसऱ्या दिवसाआधी पोचणार नव्हता. त्याचा दुकानात फोन आला, मायचं तोंड तरी दाखवा म्हणून रडत होता. मी माझा फोन घेऊन मोटरसायकलनं गावात गेलो. थ्रीजी मिळायचं ते नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पुलावर. स्मशान एकीकडे, पूल दुसरीकडे. मी तिच्या पुतण्याला विलासचं मागणं सांगितलं. तिरडी पुलाकडे वळली.

पुलावर ती खाली ठेवली. मी फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला. दोन वर्षांनी त्याला मायचं पूर्ण तोंड दिसत होतं.

तो म्हणाला, "भाऊ, कान दाखवा."