गेलो, गेले

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी तुळजापूरच्या बसस्टँडवर नळदुर्गच्या गाडीची वाट बघत होते. माझ्या आठवणींचं पुस्तक त्यांच्याकडं छपाईला होतं. "निम्म्या पुस्तकात 'मी गेलो' आहे आणि पुढं एकदम 'मी गेले'," ते म्हणाले. "तुमच्या मराठवाड्यात असंच बोलतात का? आम्ही सगळीकडं 'गेलो' करून टाकलंय."

मला हसू आलं आणि रागही. मराठवाड्याचं व्याकरण ठीक आहे, म्हटलं. पोरगा म्हणून वाढले तोवर 'गेलो' आहे. मग एकदा देवीच्या आराध्यांच्या मेळ्यात लुगडं नेसून, गळ्यात कवड्यांची माळ घालून गायले आणि गाणं संपल्यावर ते लुगडं सोडावंसं वाटलं नाही. त्या पानापासून 'गेले' आहे. मराठीत साधं 'आले' म्हणायचं तरी बाई की बाप्या ते आधी सांगावं लागतं. त्याला मी काय करू?

"अहो, पण वाचक गोंधळतील."

"गोंधळू द्या. मी एवढी वर्षं गोंधळलेच की." तसं छापणार नसाल तर पुस्तक परत पाठवा, असं सांगून मी फोन ठेवला.

गाडीत बसल्यावर मात्र तोरा उतरला. घरी आईसमोर मी अजून एकदाही असं बोलले नव्हते. लुगडं तिनं चालवून घेतलं होतं, देवीचं म्हणून. शब्दाला आम्ही दोघी बगल द्यायचो. ती 'जेवलास' म्हणत नसे आणि 'जेवलीस'ही नाही. "लेकरू जेवलं का?" असं विचारायची, आणि मी नुसती मान हलवायचे. त्या 'लेकरू'त माया होती, म्हणून मी गप्प बसायचे. पण ज्या शब्दासाठी परक्या माणसाशी भांडले, तोच घरी गिळायचा, हे आता मला जमणार नव्हतं.

पोचले तेव्हा आई चुलीपुढं भाकरी थापत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "लेकरू आलं का?"

"आले, आई."

शब्द नीट निघाला. तिचा हात पिठावर थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि बाजूचा पाट माझ्याकडं सरकवला.

"आलीस तर बस की," ती म्हणाली.