मंजुळा पागधरे, शिक्षण आठवी

मंजुळाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती शाळेत खिचडी शिजवायला येणारी बाई असेल असं मला वाटलं. पहिलीच्या वर्गाबाहेर, खिडकीखाली, व्हरांड्यात बसली होती. मी तिच्याकडे पाणी मागितलं. ती उठली, माठातून तांब्या भरून आणला आणि पुन्हा खिडकीखाली जाऊन बसली. मुख्याध्यापक राऊत सर म्हणाले, "या हिमानीच्या आई. त्या मुलीसाठीच तुम्हाला बोलावलं."

मी फिरती विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकताना वेगळी मदत लागते, त्यांच्यासाठी पालघर आणि बोईसरच्या मधल्या तीस शाळा माझ्याकडे होत्या. एका शाळेत महिन्यातून दोनदा पोचले तरी पुष्कळ. म्हणजे मंजुळाबद्दल मी जे सांगणार आहे, ते पंधरवड्यातून एखादा तास पाहिलेलं आहे. बाकीचं तिने सांगितलेलं, तेही विचारल्यावर.

तिचं माहेर मुरब्याचं, मासेमारांचं. आई बोंबील वाळवून बोईसरच्या बाजारात विकायची. मंजुळा आठवीपर्यंत शिकली आणि आईबरोबर बाजारात बसायला लागली. पुढे तिला उमरोळीजवळच्या गावात नीलेशला दिली. नीलेश तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात कामाला. लग्नानंतरही ती बाजारात बसत होती. मग हिमानी झाली. तीन वर्षांची झाली तरी हिमानी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना. पालघरच्या डॉक्टरांनी ऑटिझम असं कागदावर लिहून दिलं. नीलेशने घरी येऊन तो शब्द मोबाईलवर शोधला, थोडा वेळ वाचला आणि मोबाईल उलटा ठेवला.

२०२२च्या जूनमध्ये हिमानी पहिलीत गेली. चौथ्या दिवशी सुट्टीची घंटा झाली तशी ती दोन्ही कान दाबून वर्गातून पळाली, ती थेट रस्त्यावर. कामगारांना नेणारी एक बस तिच्यापासून दोन हातांवर थांबली. मुलीला काही झालं नाही. संध्याकाळी राऊत सरांनी दोघांना बोलावून घेतलं.

"मुलीला मी नाही म्हणत नाही," सर म्हणाले. "म्हणता येतही नाही. पण शिक्षक दोन आणि वर्ग चार. तिच्याजवळ कोणीतरी बसायला पाहिजे."

"मी बसते," मंजुळा म्हणाली.

आठ-पंधरा दिवसांचं काम असेल असं तिला वाटलं होतं. ती तीन वर्षं बसली. साडेदहा ते पाच.

तिथे बसून ती काय करायची, हे मला हळूहळू कळत गेलं. घंटा वाजवणाऱ्या शिपायाला तिने सांगून ठेवलं होतं, वाजवायच्या आधी हात वर करायचा. त्याचा हात वर गेला की ती वर्गात जायची, हिमानीच्या मागे बसून तिच्या कानांवर आपले तळवे दाबून धरायची आणि घंटा थांबली की बाहेर यायची. खिचडीतले वाटाणे काढून द्यायची, कारण एक वाटाणा दिसला तरी हिमानी ताट ढकलून द्यायची. प्रार्थनेला तिला रांगेच्या शेवटी उभी करायची, म्हणजे मागून कोणाचा धक्का लागत नाही. मी प्रशिक्षणात शिकलेल्या निम्म्या गोष्टी ही बाई कोणी न सांगता करत होती. मी तसं तिला म्हटलंही. तिने मान हलवली.

बाकी वेळ ती नुसती बसायची. हातात भाजी निवडायला नाही, मोबाईल नाही.

"कंटाळा येत नाही?" मी एकदा विचारलं.

"आदी यायचा. आता काय नाय येत."

दुसऱ्या वर्षी तिची आई गेली. ते मला महिन्याने कळलं, राऊत सरांकडून. मुरब्याहून भावाचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि वर्गात गणिताची चाचणी चालू होती. हिमानी पेपरवर आकडे लिहीत होती. मंजुळाने फोन ऐकला, "येते" म्हणाली आणि तिथेच बसून राहिली. पाऊण तासाने पेपर संपला. मग ती हिमानीला घेऊन निघाली. दुपारी मुरब्याला पोचली तेव्हा सगळे तिच्यासाठीच थांबले होते.

"लगेच का नाही निघालात?" मी विचारलं.

"मी उठली असती तर ती पन उठली असती. पेपर राहिला असता." मग ती म्हणाली, "मला तवा रडू नाय आलं. नंतर पन नाय आलं. भाऊ बोलला, दगड झालीस. मी काय बोलनार."

त्या दिवशी मी ठरवलं, या मुलीसाठी मदतनीस मिळवायचीच. आधी अपंगत्वाचा दाखला हवा होता. त्यासाठी रुग्णालयात पाच खेपा झाल्या. कधी डॉक्टर रजेवर, कधी मशीन बंद, कधी हिमानी त्या गर्दीत जमिनीवर पडून राहिली म्हणून तपासणीच झाली नाही. मंजुळाने एकदाही कुरकुर केली नाही. पुढची तारीख विचारायची आणि हिमानीला उचलून निघायची. दाखला आला, मग मी अर्ज केला, मग त्या अर्जाचं स्मरणपत्र, मग दुसरं. शेवटी २०२५च्या जूनमध्ये कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात बैठक लागली.

टेबलाच्या पलीकडे एक अधिकारी होते. त्यांच्या शेजारी एका संस्थेच्या बाई. ही संस्था कंपन्यांच्या निधीतून शाळांना मदतनीस पुरवायची. अधिकाऱ्यांनी फाईल वाचली आणि विचारलं, "तीन वर्षं आईच बसतेय? मग यांनाच मदतनीस म्हणून का घेत नाही? मानधनही मिळेल."

मी मंजुळाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काहीच हललं नाही.

संस्थेच्या बाई म्हणाल्या, "आमची अट बारावीची आहे, सर. आणि पालकाला स्वतःच्याच मुलावर नेमत नाही आम्ही." मग मंजुळाला विचारलं, "ताई, शिक्षण किती?"

"आठवी."

"मग नाही होणार," त्या म्हणाल्या. चांगल्या आवाजात म्हणाल्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. या बाईला जे येतं ते बारावीत शिकवत नाहीत, एवढं तरी. पण मंजुरीची सही अजून व्हायची होती. वाद घातला तर फाईल मागे जाईल अशी मला भीती वाटली. मी गप्प राहिले. सही झाली. बाहेर आल्यावर मंजुळा म्हणाली, "चार वाजले, मॅडम. ती शाळेत नीलेशजवळ हाय. तो कदी बसला नाय तिथं."

ऑगस्टमध्ये मदतनीस म्हणून हेतल आली. बोईसरची, चोवीस वर्षांची, हसऱ्या तोंडाची मुलगी. संस्थेने आठ दिवस आईबरोबर राहून समजून घ्यायला सांगितलं होतं. हेतल वही घेऊन मंजुळाजवळ बसायची. मंजुळा एकेक सांगायची आणि ती लिहून घ्यायची. घंटेचं, वाटाण्यांचं, रांगेचं. नखं कापलेल्या दिवशी पेन्सिल धरत नाही, ते. पंख्याकडे बघत राहिली तर हाक मारायची नाही, हळूच पाटी पुढे सरकवायची, ते. हेतल म्हणाली, "काकी, तुम्ही किती छान सांगता." मंजुळा पुढचं सांगायला लागली.

नवव्या दिवशी राऊत सरांनी तिला फाटकाजवळ थांबवलं. त्यांना ते जड गेलं असणार. मला सांगतानाही ते खाली बघत होते. "संस्थेचं म्हणणं, पालकांनी आवारात थांबायचं नाही. ते थांबले की मुलीची सवय मोडत नाही."

"बरं," मंजुळा म्हणाली आणि घरी गेली.

पहिल्या दिवशी हिमानी दोन तास रडली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. चौथ्या दिवशी ती हेतलचा हात धरून वर्गात गेली. दोन आठवड्यांनी मी शाळेत गेले तेव्हा शिपायाचा हात वर झाला आणि हेतलने हिमानीच्या कानांवर तळवे ठेवले. सगळं सुरळीत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल.

तशीच मी मंजुळाच्या घरी गेले. दुपार कलत होती. ती दारासमोरच्या ओट्यावर बसली होती. नीलेशला पहिली पाळी होती, तो नुकताच घरी येऊन जेवत होता.

"आता मोकळी झाली," नीलेश आतून म्हणाला. "मी बोलतो, माहेरी जा चार दिवस, नायतर बाजारात बस परत. ही इथं बसून राहते. साडेदहाला मुलीला सोडून येते, ती पाचपर्यंत इथंच."

"जेवन करते ना सगळं," मंजुळा म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. हिमानी छान रुळलीय, असं सांगितलं. तिने मान हलवली.

"नाव घेते आता," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"हेतलचं. परवा घरी येऊन बोलली. हेतल, हेतल. चांगलं स्पष्ट." ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "नीलेशनं मोबाईलमदी भरून ठेवलंय. ऐकायचं हाय?"

नीलेशने मोबाईल आणून दिला. आम्ही तिघांनी ऐकलं. आईलाही कधी हाक न मारलेली नऊ वर्षांची मुलगी एक नाव सहा-सात वेळा म्हणत होती. मागे मंजुळाचा आवाज होता, "परत बोल." मी "वा" म्हणाले.

त्यानंतर माझ्याकडे सफाळ्याच्या बाजूच्या शाळा आल्या आणि माझं तिकडे जाणं थांबलं. राऊत सरांकडून अधूनमधून कळायचं. हिमानी आता ओळी बघून लिहिते. हेतलला आणखी एक वर्ष मिळालंय. दिवाळीनंतर मंजुळा बोईसरच्या एका कारखान्यात डब्यांना झाकणं लावायच्या कामाला जायला लागली.

फेब्रुवारीत मी तिला फोन केला. जेवणाची सुट्टी असेल असा अंदाज बांधून केला. मागे यंत्रांचा आवाज येत होता आणि कोणीतरी हिंदीत ओरडत होतं.

"कसं चाललंय, मंजुळाताई?"

"चाललंय."

"काम जमतंय?"

"बसूनच असतं."

मला त्या बैठकीबद्दल बोलायचं होतं. मी तेव्हा गप्प बसले ते चुकलं, असं सांगायचं होतं. मी सुरुवात केली, "कोळगावला त्या दिवशी मी..."

"ते झालं की, मॅडम," ती म्हणाली. रागाने नाही, समजुतीनेही नाही. जागा संपली म्हणून ओळ तिथे थांबावी, तसं. मग तिने माझी मुलं कशी आहेत ते विचारलं. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. सुपरवायझर आला, ठेवते, असं म्हणून तिने फोन ठेवला.