नसेशेजारचा पांढरा ठिपका

माझा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे त्यावर एकेक औषध तयार होतं. मला दुखण्यापेक्षा सल्ल्यांचाच ताप जास्त झाला. हुपरीत आमच्या घरी चांदीची पैंजणं करतात, आणि त्यांना बारीक तारेनं घुंगरू जोडायचं काम माझं. घुंगरू चिमटीत आहे की निसटलंय हे बोटांनाच कळावं लागतं. या कामाच्या जिवावर घरात माझा शब्द चालतो. ते गेलं तर आपण नुसत्या भाकरी बडवत बसणार, ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नाही.

मानेला पट्टा बांधून झाला, तेल चोळून झालं. शेवटी कोल्हापुरातले एक डॉक्टर म्हणाले, सीटी स्कॅनचं नवीन मशीन आलंय, त्यात बारीक नससुद्धा दिसते, मनगट बघू या. नस तुटलेली निघाली तर मात्र बोटांची आशा कमी.

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या हट्टानं सोबत आल्या. अंगावरचे सगळे दागिने काढून मी त्यांच्या पदरात बांधले आणि मशीनवर हात पुढं करून पालथी झोपले. मशीनवाल्यानं आधी एक साधा फोटो घेतला आणि तो बाहेर आला.

"ताई, मनगटावर कायतरी चमकतंय. काय राहिलंय काय?"

"न्हाय ओ, चांदीचा कीस चिकटला असंल. धुते की हात. एक घमेलं द्या."

"बेसिन हाय की तिकडं."

आमच्यात कामाचे हात वाहत्या पाण्याखाली कुणी धूत नाही. घमेल्यात धुवायचे, पाणी निवळू द्यायचं आणि तळाची चांदी वितळवायच्या मुशीत टाकायची. आत्ती तर त्याच्या मागंच लागल्या, "पावणं, घमेलं नसंल तर बादली तरी द्या!" बिचाऱ्यानं कुठून तरी प्लॅस्टिकचा टब आणला. मी हात खसाखसा धुतले. आत्तींनी ते पाणी बाटलीत भरून घेतलं, तेव्हा मला लाजही वाटली आणि हसूही आलं. पुन्हा फोटो घेतला, तर ठिपका जागच्या जागी!

मग पूर्ण स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. करड्या मनगटातून शेवईसारखी एक नस गेली होती आणि तिला खेटून तो पांढरा ठिपका.

"चांदीच्या तारेचा तुकडा आहे. कधीतरी आत घुसलाय, तोच नस दाबतोय," ते म्हणाले. "पण नस अखंड आहे."

"अखंड म्हंजे तुटली न्हाय न्हवं?"

"नाही तुटली."

मी तिथंच, सगळ्यांसमोर, घळाघळा रडले.

छोटंसं ऑपरेशन झालं. तारेचा तुकडा आत्तींनी मुशीत घातला. बोटं मात्र रुसल्यासारखी गप्पच राहिली, आणि मी घरादारावर चिडत राहिले.

एका सकाळी उजव्या हातानं चहाचा पेला उचलला आणि "आई गं!" म्हणून सोडून दिला. चहा सगळीकडे झाला. आत्ती धावत आल्या.

"भाजलं काय गं?"

"व्हय आत्ती, भाजलं की!" मी ओरडले, आणि खात्री करायला तेच बोट पुन्हा गरम पातेल्याला लावलं.