लाल वजनाचा फोटो

लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. माणसाबद्दल लिहायचं तर तो नीट ओळखीचा असावा लागतो, एवढं मला कळतं. फोटोवाल्या काकांना मी तेवढं ओळखत होतो का, शंकाच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

परतूर स्टेशनजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कुणी आत आलं की एखादा फोटो त्याच्या नाकाशी धरून विचारायचे, "काय दिसून राह्यलं, सांग."

पासपोर्ट फोटोसाठी गेलो तेव्हा मलाही विचारलं. मी म्हणालो, "भाकरी." ते मालगाडीचं गंजलेलं चाक होतं.

"जेवून आला न्हाई का?" एवढंच म्हणाले.

पोट लग्नांच्या फोटोंवर चालायचं, जीव मात्र रेल्वेच्या लोखंडात. नट, कड्या, ब्रेकचे ठोकळे, सगळं अगदी जवळून. एकदा वऱ्हाड गाडीनं आलं, तर यांनी आधी दोन डब्यांमधल्या साखळीचे फोटो काढले.

"ओ फोटोवाले, पाव्हणे इकडं उतरून राह्यले," वरबाप चिडला.

"त्या साखळीनंच बराबर पोचवलं तुम्हाला," काका म्हणाले.

गाडी दुसऱ्या रुळावर वळवायला काटा हातानं बदलायची एक जुनी लिव्हर यार्डात होती. तिच्या गोल वजनावर लाल रंगाचे थर आणि मधोमध दोन बोल्ट. तो काकांचा सगळ्यात लाडका फोटो. मोठा करून त्यांनी समोरच्या चहाच्या हॉटेलात लावला. लोकांनी बघावा म्हणून.

लोकांनी नमस्कार केला. शेंदूर आणि दोन डोळे, अजून काय पाहिजे? आठवडाभरात हार आला, मग उदबत्ती.

"अरे, लोखंड हाय ते," काका कळवळून सांगायचे. "देव न्हाई. नीट बघा तरी." भिंतीवरून फोटो उतरवून न्यायलाही गेले.

हॉटेलमालक आडवा आला. "बसलेला देव हलवायचा न्हाई, काका. चहा घ्या."

त्यानंतर ते रोज तिथंच चहा प्यायचे, फोटोकडे पाठ करून.

जालन्याला शिकायला निघालो त्या दिवशी मी हॉटेलात त्यांच्यासमोर बसलो होतो. माझी नजर सारखी वर त्या फोटोकडे जात होती.

"काय दिसून राह्यलं?" त्यांनी विचारलं, पण सवयीनं.

"खालच्या बाजूला रंग उडालाय," मी भीत भीत म्हणालो. "उचलताना तिथं हात लागत असतील."

काका वळले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतः काढलेला तो फोटो पाहिला. मग मालकाला म्हणाले, "याला अजून एक चहा दे."

जालन्यात मस्तगडच्या माझ्या खोलीवर परवा वाटूरहून चुलतभावाचा फोन आला. बाजाराला परतूरला गेला होता.

"हॉटेलात गेल्तो. तुझ्या त्या लाल देवाला हार न्हाई, उदबत्ती न्हाई."

"का?"

"मी बी विचारलं. मालक म्हणला, सुतक हाय."

"त्याच्या घरचं कोण गेलं?"

"घरचं कुणी न्हाई," भाऊ म्हणाला. "फोटोवाले काका गेले."