सड्याची उरलेली बादली

“वयनी, कोणले तरी बलाव!” शेजारचे भाऊ मोटारीखालून ओरडले आणि माझ्या कडेवरचं लेकरू भेदरलं. टेकूचे दगड खचले होते, मोटार कलंडली होती, भाऊंचा हात खाली चेंगरला होता. मी नुसती किंचाळत सुटले.

भाऊ मिस्त्रीकडे कधी जायचे नाहीत. फैजपूरच्या रस्त्यानं मोटारीतली केळी हिसके खाऊन काळी पडतात, म्हणून चाकांवर स्प्रिंगचे नवे लवचिक पाटे स्वतःच बसवत होते, आमच्या दोन्ही घरांच्या सामाईक अंगणात. मोटारीशी बोलायचे, “थांब माय, जराशी.” माणसांशी बोलताना मात्र मान खाली.

त्या दगडांखालची काळी माती मीच भिजवली होती. सडा टाकून उरलेली बादली, लेकरू कडेवर, लांब जायचा कंटाळा, तिथंच ओतली.

माणसांनी मोटार उचलली. सासरे ओल्या मातीकडं बोट दाखवत म्हणाले, “आठे पाणी कोणी टाकं?”

भाऊंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, “मीच, नाना. मनीच चूक शे.”

त्यांची दोन बोटं गेली. आता पाना धरवत नाही, मोटार उभीच आहे. सासरे त्यांना येडं म्हणतात, मी भाकरी थापत ऐकते. खरं सांगितलं तर मला माहेरी धाडतील, लेकरू ठेवून घेतील. माझ्या जागी तुम्ही असता तर बोलला असता का?